खून, मांजर आणि ग्रंथपाल: 'कोझी' रहस्यकथा कोण कोण वाचतं?

टिपकागद
या पावसाळ्यात मी एकाच प्रकारच्या कादंबऱ्यांत अडकले आहे: इंग्रजीत ज्यांना 'कोझी', म्हणजे उबदार, घरगुती रहस्यकथा म्हणतात. गाव छोटं, अमेरिकेच्या कुठल्यातरी कोपऱ्यातलं. गावात सार्वजनिक वाचनालय. तिथली ग्रंथपाल हुशार, थोडी एकटी, घरी मांजर. दोन-तीन प्रकरणं झाली की कुणीतरी मरतं, आणि मरणारा माणूस शक्यतो गावात कुणालाच न आवडणारा असतो. रक्त फारसं सांडत नाही, शिव्या नाहीत, बेडरूमचं दार लेखिका बाहेरूनच ओढून घेते. पोलीस अधिकारी बजावतो की तुम्ही यात पडू नका. बाई पडतात. काही पुस्तकांच्या शेवटी तर केकची पाककृती किंवा विणकामाचा नमुनाही असतो.

सगळं इतकं ठरलेलं असूनही पुस्तक खाली ठेववत नाही. का, ते शोधताना माझं एक मत तयार झालंय: हौशी गुप्तहेरांत ग्रंथपालाइतकं लायक कुणीच नाही. या प्रकारात बेकरीवाल्या, फुलवाल्या, लोकरीच्या दुकानवाल्याही गुन्हे शोधतात, पण त्यांचा सगळा धंदा गिऱ्हाइकांच्या गप्पांवर. अगाथा ख्रिस्तीची गुप्तहेर आजी मिस मार्पल १९३० साली पहिल्या कादंबरीत आली तेव्हा तिच्याकडेही होतं काय? बाग, खिडकी आणि माणसांची जुनी ओळख. ग्रंथपालाकडे लेखी नोंद असते. आयुष्यात कुंडीला पाणी न घातलेला माणूस अचानक विषारी झाडांवरचं पुस्तक मागतो, हे तिला कळतं. मृत्युपत्र कसं करावं हे कोण वाचतंय, घटस्फोटाचा कायदा कोण चाळतंय, वर्तमानपत्रांच्या टेबलावर सकाळपासून बसलेल्या कुणी एकही पान उलटलेलं नाही, सगळं तिच्या डोळ्यांसमोर.

आणि खरी गंमत पुढे आहे. तिला ते सांगता येत नाही! अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेतच वाचकाची खाजगी माहिती गोपनीय ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य म्हटलंय. आज तिथल्या ४८ राज्यांत तसे कायदेही आहेत. म्हणजे बाईंना तिसऱ्या प्रकरणातच संशय आलेला असतो, पण तोंड उघडायची सोय नाही. त्याच निष्कर्षाला दुसऱ्या वाटेने पोचावं लागतं. चांगलं पुस्तक आणि सुमार पुस्तक मला इथेच वेगळं दिसतं. सुमार पुस्तकात बाई सरळ संगणक उघडून यादी काढतात आणि पोलिसाच्या हातात ठेवतात. संपलं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी: शार्लेन हॅरिसची ऑरोरा टीगार्डन मालिका १९९० मध्ये सुरू झाली. नायिका जॉर्जियातल्या एका गावात ग्रंथपाल, आणि जुन्या गाजलेल्या खुनांचा अभ्यास करणाऱ्या मंडळाची सभासद. मग कुणीतरी त्याच जुन्या खुनांची नक्कल करत खून पाडायला लागतं. कल्पना झकास. जेन मॅकिन्लीच्या पुस्तकांतलं ब्रायर क्रीक कनेक्टिकटमधलं काल्पनिक किनारी गाव. तिथे बायका वाचनालयात जमून हातकाम करता करता पुस्तकांवर बोलतात आणि खातात. ही दुसरी मालिका जरा गोडूस आहे, पण विरारच्या गाडीत उभ्याने वाचायला उत्तम.

आता प्रश्न. मराठीत अशी कादंबरी का नाही? आणि लिहायची झालीच तर ती कुठे घडेल?

दादर_स्लो
धागा आवडला. मराठीत का नाही, याचं माझं उत्तर एका शब्दात: अर्नाळकर. बाबूरावांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू. आमच्या वडिलांची पिढी त्यावर वाढली. त्यात वेग होता, वेषांतर होतं, पिस्तूल होतं, मलबार हिलवरचे बंगले होते. नंतर गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आले, तरी नायक रुबाबदारच राहिला. शिरवळकरांचा अमर विश्वास वकील, पण त्यालाही खुर्चीत बसून राहायला वेळ नसायचा. टेबलामागे चष्मा लावून बसलेल्या बाई गुन्हा शोधतात, हे त्या वाचकाला पटलंच नसतं.

कसर_लागलेली
मांजराबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? मिरांडा जेम्सच्या मालिकेतलं डीझेल नावाचं मेन कून जातीचं मांजर पट्टा लावून मालकाबरोबर कामावर जातं. मालक चार्ली हॅरिस, मिसिसिपीतल्या अथीना या काल्पनिक गावातला विधुर ग्रंथपाल. आणि 'मिरांडा' हे टोपणनाव आहे. लेखक डीन जेम्स पुरुष आहेत आणि स्वतः ग्रंथपाल होते. त्यामुळे कॅटलॉग, देणगीत आलेली कागदपत्रं वगैरे भाग एकदम अस्सल उतरलाय.

लाल_शेरा
मी जरा उलटं बोलते, रागावू नका. मला हा प्रकार सहन होत नाही. माणूस मेलाय हो! दुसऱ्या दिवशी सगळे कॉफी आणि दालचिनीचे रोल खात तर्क करतायत. मृताची बायको एका प्रसंगात रडते आणि नंतर संशयितांच्या यादीतला एक आकडा होऊन जाते. शिवाय इतक्या लहान गावात इतके खून? 'मर्डर शी रोट' ही टीव्ही मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा सीझन चालली. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या त्या कॅबट कोव्ह गावात लोक शिल्लक कसे राहिले, हेच खरं रहस्य.

टिपकागद
@लाल_शेरा, कॅबट कोव्हबद्दल काही बचाव नाही. :)
पण रडण्याबद्दल: शब्दकोड्यासारखा खून हा दोष सगळ्याच कोझी पुस्तकांत असतो असं नाही. टीगार्डनच्या पहिल्या पुस्तकात मंडळातल्या लोकांना आपल्या छंदाची शरम वाटायला लागते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मरणाची चवीने चर्चा केली, आता आपल्यातलंच माणूस गेलं. तो भाग तुम्हाला आवडेल बहुधा.

अवांतर: ख्रिस्तीबाईंचं १९४२ चं 'द बॉडी इन द लायब्ररी' कुणी या यादीत घालू नका. ती लायब्ररी म्हणजे कर्नल बँट्रीच्या घरातली पुस्तकांची खोली. ग्रंथपालाचा पत्ताच नाही.

बोरीबंदर
गोपनीयतेचा मुद्दा नुसता कागदावरचा नाही. २००५ साली, म्हणजे दहशतवादविरोधी पेट्रियट कायद्यानंतर, एफबीआयने कनेक्टिकटमधल्या ग्रंथालयांच्या एका संस्थेकडे संगणक वापराच्या नोंदी मागितल्या. त्यासोबत तोंडबंदीचा हुकूम: असं पत्र आलंय हेही कुणाला सांगायचं नाही. संस्थेतले चार ग्रंथपाल कोर्टात गेले. स्वतःच्या खटल्यात त्यांची नावंसुद्धा उघड करता येत नव्हती, घरी बोलायचीही चोरी. २००६ मध्ये सरकारने तोंडबंदीचा आग्रह सोडला आणि नंतर नोंदींची मागणीही मागे घेतली. तुमचं ब्रायर क्रीक कनेक्टिकटमध्येच आहे ना? मग तिथली ग्रंथपाल पोलिसाला 'आधी कोर्टाचा आदेश आणा' म्हणाली तर तो आगाऊपणा समजू नका.

चौथा_कप्पा
उपनगरातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

आपल्याकडे गोपनीयता वगैरे काही नसते. सभासद येतो, पुस्तक नाही म्हटल्यावर विचारतो, 'कोणी नेलंय?' आपण सांगतो, 'तळमजल्याच्या वहिनींनी.' तो परस्पर त्यांच्याकडे जाऊन घेऊन येतो. हे रोजचं आहे. त्यामुळे अमेरिकन कादंबरीचं जे इंजिन आहे, बाईंना माहीत आहे पण सांगता येत नाही, ते इथे चालणारच नाही.

पण नोंदींची खरी गंमत वेगळी आहे. पुस्तक देण्याच्या दोन जुन्या पद्धती. एक न्यूआर्क: पुस्तकाच्या कार्डावर तारीख आणि सभासद क्रमांक लिहायचा. ते कार्ड भरेपर्यंत टिकतं, म्हणजे पुस्तक कुणाकुणाकडे जाऊन आलं हे वर्षानुवर्षांनीही वाचता येतं. दुसरी ब्राऊन: पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या खिसेवजा तिकिटात घालून ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाला. मागे काहीही उरत नाही! गुन्हा कुठल्या पद्धतीच्या वाचनालयात घडतो यावर अख्खं कथानक फिरू शकेल. संगणक आल्यावर जुनी कार्डं रद्दीत गेली असं सगळे धरून चालतात, पण ती बुटांच्या खोक्यात भरून माळ्यावर टाकलेली असतात. मी पाहिली आहेत.

मग दाखल नोंदवही. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक. पुस्तक हरवलं, बाद झालं तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. आणि शिक्का नुसता पहिल्या-शेवटच्या पानावर नसतो. प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं. समजा ३७ वं. चोराने शीर्षकपान फाडलं, मागची तारखांची चिठ्ठी काढली, तरी ३७ वर शिक्का असतोच. जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर आपलं पुस्तक दिसलं की आम्ही आधी तेच पान उघडतो.

पुस्तकांत सापडलेल्या वस्तूंवर तर स्वतंत्र धागा होईल. विजेचं बिल, बेस्टचं तिकीट, वाळकं बेलाचं पान, मुंजीची पत्रिका, एकदा चक्क मंगळसूत्र दुरुस्तीची पावती.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. नोंदीत पुस्तक नेणाऱ्याचं नाव असतं, वाचणाऱ्याचं नव्हे. खातं आजोबांचं, पुस्तक नेतो नातू, वाचते सून. एक काका दर शनिवारी तीन प्रेमकथा न्यायचे. सगळ्या आईसाठी, तिचे डोळे गेल्यावर मोठ्याने वाचून दाखवायला. नोंदवहीवर भिस्त ठेवणारा पोलीस इथे हमखास फसेल. टेबलावरचा माणूस फसणार नाही.

दादर_स्लो
वा! @चौथा_कप्पा, तुम्हीच लिहा हो कादंबरी.

मुगभाटकर
सगळे 'गावात घडेल' असं धरून का चाललेत? गिरगावातली वाडी घ्या. एक प्रवेश, मधे चौक, चारी बाजूंना गॅलऱ्या. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचं दूध दोन दिवस उचललं गेलं नाही, सगळ्यांना ठाऊक. गणेशोत्सव मंडळाचं छोटं वाचनालय तळमजल्यावर, संध्याकाळी दोन तास उघडं. आणि खुनाचं कारण तर तयारच: पुनर्विकास. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. पन्नास टक्क्यांवर घोडं अडलंय आणि एक हट्टी भाडेकरू सही करत नाही. मिस मार्पलचं सेंट मेरी मीड गाव कशाला हवं?

बोरीबंदर
@मुगभाटकर, पुनर्विकास नको. त्यात बिल्डर आला, नगरसेवक आला, भाईचा फोन आला की कोझी संपलं, क्राइम पेट्रोल सुरू. या प्रकारात कारण घरगुती लागतं: मत्सर, जुनी लफडी, वारसाहक्क, अपमान. शिवाय वाडीतलं वाचनालय बहुधा कुणीतरी आवडीने, फुकट चालवतं. तालुक्याच्या वाचनालयाला मात्र आतलं राजकारण असतं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळाले, अनुदान त्यावर ठरतं. मग तपासणी, दर्जावाढ, कार्यकारिणीच्या निवडणुका, अध्यक्ष विरुद्ध कार्यवाह. आणि ज्या बाई प्रत्यक्ष वाचनालय चालवतात त्यांचा पगार सांगायला लाज वाटेल असा. त्या सगळ्या भांडणात त्याच एकट्या सगळ्यांशी बोलतात. गुप्तहेर म्हणून याहून चांगली जागा नाही.

मुगभाटकर
ठीक, वाडी मागे घेतो. पण खून गणपतीत घडू द्या. मुंबईहून निम्मं गाव आलेलं असतं, संशयित वाढतात, आणि अनंत चतुर्दशीनंतर सगळे परतीच्या गाडीत बसणार, म्हणजे तेवढ्या दिवसांत शोध लागायलाच हवा.

टिपकागद
हे फार आवडलं. घेतलं.

विरार_फास्ट
ही इंग्रजी पुस्तकं मिळतात कुठे? आमच्या वाचनालयात रहस्यकथा म्हणजे अजून चेस आणि ख्रिस्ती.

कसर_लागलेली
फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुन्या पुस्तकांत नशीब आजमावा. ई-बुकं सहज मिळतात. मालिका मधूनच उचलली तरी चालते, फक्त नायिकेचं कुणाशी जुळतं ते आधीच कळतं.

दादर_स्लो
बरं, कादंबरीला बळी मी देतो. प्रत्येक वाचनालयात एक सभासद असतो, जो रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवतो. 'खुनी: डॉक्टर.' तोच मरतो. संशयित: वाचनालयाचे सर्व सभासद.

चौथा_कप्पा
हाहा! मी स्वतः संशयित ठरेन. किती खोडरबरं झिजवली आहेत त्या पेन्सिलीपायी.

टिपकागद
थांबा थांबा. हे विनोदावारी घालवू नका. समजा त्याच्या खात्यावरून शेवटचं परत आलेलं पुस्तक. पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे पेन्सिलीने नाव. पण पुस्तकात त्या नावाचं पात्रच नाही. पोलीस पाहतात आणि सोडून देतात, त्यांना काय माहीत कादंबरीत कोण कोण आहे? हे फक्त पुस्तक वाचलेल्या माणसाला कळणार. म्हणजे बाईंना. ते नाव गावातल्या माणसाचं आहे.

बोरीबंदर
अंगावर काटा आला. म्हणजे त्याला कुठल्यातरी जुन्या खऱ्या मृत्यूबद्दल काही माहीत होतं, आणि ते त्याने सवयीने तिथे लिहिलं.

मुगभाटकर
आणि पुस्तक परत आल्यावर कपाटात जायच्या आधी कुणीतरी ते हाताळलं. ज्याचं नाव, त्यानेच. नाही तर खून होणारच नाही. पण मग त्याने पान फाडलं का नाही? निदान खोडायचं तरी.

चौथा_कप्पा
फाडता येत नाही. परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा टेबलामागे असतो, समोरच्याला वाचता येतं पण हात पोचत नाही. बाई कार्डं लावत असताना पुस्तक उघडं पडलेलं. त्याने उलटं वाचलं. तारखेच्या शिक्क्यासाठी आम्ही पुस्तक उघडतोच.

विरार_फास्ट
पण मेलेला माणूस भित्रा की शहाणा? सरळ पोलिसांत का नाही गेला?

लाल_शेरा
आणि त्याच्या बायकोचं काय? परत तेच चाललंय तुमचं. इतके प्रतिसाद झाले, ती बाई आहे की नाही हेही कुणी विचारलं नाही. नवरा गेलाय तिचा. ती काय फक्त चहा देणार आहे का पोलिसांना?

टिपकागद
@लाल_शेरा, तुम्ही आता जे केलंत त्याने अख्खी कादंबरी उलटी झाली. @चौथा_कप्पा यांचा शेवटचा परिच्छेद परत वाचा. खातं एकाचं, वाचणारा दुसरा. नवऱ्याने जन्मात रहस्यकथा वाचलेली नाही. तो बाजारात जाताना पिशवीतून पुस्तकं न्यायचा-आणायचा, एवढंच. वाचायची ती. पेन्सिलही तिचीच. पोलिसांत का गेली नाही? कारण ज्याचं नाव लिहिलं तो घरातलाच, मोठ्या मानाचा माणूस आहे आणि तिचं कुणी ऐकलंच नसतं.

मुगभाटकर
म्हणजे खुन्याने चुकीच्या माणसाला मारलं!

बोरीबंदर
खातं पाहून मारलं. आणि पोलीसही खातं पाहूनच तपास करतायत. खरी वाचक कोण, हे गावात एकट्या ग्रंथपाल बाईंना माहीत, कारण 'पुढचा भाग आला का, हिने विचारलंय' असं तो दर वेळी टेबलाशी म्हणायचा. आणि आता त्यांना खरंच तोंड बंद ठेवावं लागणार. कायद्याने नव्हे. बोलल्या तर पुढचा नंबर त्या बाईचा.

दादर_स्लो
घ्या, १९३९ ची आचारसंहिता कोकणात पोचली.

लाल_शेरा
हे मी वाचेन. एका अटीवर. पहिल्या प्रकरणात खून नको. तेराव्यानंतर ती पहिल्यांदा स्वतः वाचनालयात येते, नवऱ्याच्या नावाचं खातं बंद करायला, अनामत परत घ्यायला. तिथून सुरू करा. आणि दालचिनीचे रोल नकोत.

टिपकागद
रोल नाहीत. फार तर खरवस. खातं बंद करण्याचा प्रसंग नक्की. @चौथा_कप्पा, अनामत रोख परत देता का?

चौथा_कप्पा
मूळ पावती आणली तर. आणि ती पावती निम्म्या वेळा कुठल्यातरी पुस्तकातच राहून परत आमच्याकडे आलेली असते.